गोधडीचा घास

मोतीलालभाऊंच्या शर्टाचं बटण तुटलं की हल्ली ते बाजारातल्या शिंप्याकडे जातात. शिंपी दर वेळी तेच विचारतो, "भाऊ, तुमना घरमा सुई नही का?" त्याचं काही चुकत नाही. ज्या घरच्या गोधड्या अख्खी गल्ली पांघरते, त्या घरात सुई नसावी हे नवलच आहे. मोतीलाल बटण लागेपर्यंत रस्त्याकडे बघत उभे राहतात आणि शर्ट काखेत मारून घरी येतात. घरी लिलाबाई भिंतीला पाठ लावून बसलेल्या असतात, हात मांडीवर टाकून. या बाईचे हात रिकामे असलेले दोंडाईच्याच्या त्या गल्लीने कधी पाहिले नव्हते.

लिलाबाईंच्या हातची गोधडी विकत मिळत नसे, हे आधीच सांगितलेलं बरं. कारण आजकाल कोणी दोन टाके बरे घातले की लोक लगेच भाव विचारतात. धुळ्याच्या एका बचत गटाच्या बाई प्रदर्शनासाठी गोधड्या मागायला आल्या होत्या. लिलाबाईंनी त्यांना चहा पाजला, शेव-मुरमुरे खाऊ घातले आणि आल्या वाटेने परत पाठवलं. "हाऊ मना धंदा नही बैन, मना हातनी खाज शे," असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. पोटासाठी शिवायची गरजही नव्हती. मोतीलाल मिरचीच्या आडतीवर मापाडी होते, आता घरी बसलेले. घर स्वतःचं, मुलगी एकुलती एक आणि तीही चांगल्या घरी दिलेली. दुपारची भांडी उरकली की लिलाबाई ओट्यावर एक जुनी गोधडी अंथरत, तिच्यावर बसत आणि नवी मांडीवर घेत. जुनी पातळं, विरलेली धोतरं, उशांचे अभ्रे, काही वाया जात नसे. मोतीलाल गल्लीत सांगत, "मी जरासा जास्त येळ एक जागे बसनू ना, तर माले बी शिवी टाकी हाई."

त्यांची रीत ठरलेली होती. कडेपासून धावदोरा धरायचा आणि चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं. मध्यावरचा चौकोनी तुकडा मात्र सगळ्यात शेवटी लावायचा. तो लावायची वेळ आली की लिलाबाई लोकांकडे पाठ करून बसत. हळदीत चोळलेले दादर ज्वारीचे चिमूटभर दाणे त्या जागी ठेवत, वरून तुकडा घालत आणि मुकाट्याने टाके मारून टाकत. हा गोधडीचा घास. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं माहेर, तिथे त्यांच्या आईने हे शिकवलं होतं. ज्वारीचे दाणे घरचे असावेत, देताना बोलू नये, आणि जेवणाऱ्याच्या ताटाकडे टक लावून बघू नये तसं या घासाकडेही कोणाला बघू देऊ नये. उपाशी गोधडी माणसाला ऊब देत नाही. आता यात तर्क शोधायचा तर शोधा. आपल्या आईने शिकवलेल्या गोष्टीत तर्क कोण शोधतो?

मुलगी शिल्पा. ती कॉलेजात शिकली, पण सुई तिने कधी हातात धरली नाही. माय दुपारभर काय शिवते याकडे तिने कधी पाहिलंही नाही. तिला दिली दीपनगरला, औष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीत. जावई युवराज तिथे नोकरीला. सासू सुंदरबाई. सुंदरबाई काही वाईट बाई नव्हती. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी शिल्पाची कूस उजवली नव्हती, आणि नऊ वर्षांत सुंदरबाईने तोंडातून एक वाकडा शब्द काढला नाही. फक्त बारशाचं आमंत्रण आलं की ती सुनेला घरी ठेवून एकटी जायची. शिल्पा मायला फोनवर हे सांगायची.

जळगावच्या डॉक्टरांचे उंबरे झिजवून झिजवून शेवटी मुलगी झाली. सव्वा महिन्याची झाल्यावर शिल्पा तिला घेऊन विसाव्याला दोंडाईच्याला आली, आणि लिलाबाईंनी ट्रंकेतून ते पातळ काढलं. त्यांच्या स्वतःच्या आईचं, धुवून धुवून लोण्यासारखं मऊ झालेलं. ते त्यांनी इतकी वर्षं कोणत्याच गोधडीला लावलं नव्हतं. कशासाठी राखलं होतं ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. नात पाळण्यात झोपली की त्या ओट्यावर बसत आणि टाके घालत. टाका इतका बारीक की शेजारची लताबाई म्हणाली, "अक्का, हाई गोधडी शे का रांगोळी?"

घाई झाली ती शेवटच्या दिवशी. युवराज गाडी घेऊन रविवारी यायचा तो शनिवारीच आला. सोमवारी मुलीची लस आहे, म्हणाला, एक दिवस घरी आराम मिळू दे. गाडी दाराशी उभी, शिल्पाच्या पिशव्या भरल्या जाताहेत, बाळ रडतंय, आणि लिलाबाई पाठ फिरवून मध्यावरचा तुकडा लावताहेत. घास दिला, चारी बाजूंनी टाके मारले, दोरा दाताने तोडला. गोधडीची घडी करून शिल्पाच्या हातात दिली, नातीच्या कानामागे काजळाचं बोट लावलं. गाडी गेली. लिलाबाई ओट्यावर बसून पोटभर रडल्या, आणि ते रडणं सुखाचं होतं. त्यानंतर तसं रडू त्यांना आलं नाही.

दिवेलागणीला सुई जागेवर ठेवायला म्हणून त्यांनी हात ब्लाउजकडे नेला. सुई तिथे नव्हती. त्यांची सुई म्हणजे आईचीच, जाडसर, मोठ्या नेढ्याची, मध्ये जराशी वाकलेली. काम झालं की ती साबणाच्या तुकड्यात खोचून ठेवायची, म्हणजे गंजत नाही. साबणात सुई नव्हती. पदराला नव्हती. ओटा झाडून झाला, अंथरलेली गोधडी झटकून झाली.

"सुई शे ती, म्हैस नही," मोतीलाल म्हणाले. "सापडी जाई."

लिलाबाई आठवत बसल्या. तुकडा लावला, दोरा तोडला, आणि मग सुई? दोरा तोडल्यावर हाताने काय केलं, हे त्यांना काही केल्या आठवेना. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"मी फोन करस," त्या म्हणाल्या.

"ये, येडी व्हयनी का?" मोतीलालांनी त्यांचा हात धरला. "इहीनबाईले काय वाटी? सकाळलोंग देखू, मंग सांगू."

"तिले जे वाटी ते वाटो. रातले पोरले टोचनी तर?"

शहाण्या बाईने फोन केलाच नसता, असं पुढे गल्लीत बोललं गेलं. गल्लीचं काय जातं बोलायला? लिलाबाईंनी फोन केला. "शिल्पा, त्या गोधडीवर पोरले टाकू नको. मनी सुई सापडी नही ऱ्हायनी. मी सकाळले येस."

सकाळच्या पॅसेंजरने दोघं भुसावळला उतरली आणि रिक्षाने दीपनगरला गेली. क्वार्टरच्या गॅलरीत, कठड्यावर, गोधडी टाकून ठेवलेली होती. घरात आणली नव्हती. रात्रीत तिच्यावर वीज केंद्राच्या राखेचा पातळ थर बसला होता. लिलाबाईंनी ती झटकली, उराशी धरून आत आणली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. टेबलाला वरून काच होती.

युवराज चांगला मुलगा. त्याने कुठून तरी एक मोठं लोहचुंबक आणून ठेवलं होतं. ते त्याने गोधडीवर उभं फिरवलं, आडवं फिरवलं, उलटी करून पुन्हा फिरवलं. कुठेच काही ओढलं नाही. "नाही मामी, काही नाही यात," तो म्हणाला आणि हसला. शिल्पाही हसली. सुंदरबाई चहाचं बघायला उठली.

इथे संपलं असतं. पण लिलाबाईंचं मन भरेना. नऊ वर्षांनी झालेलं पोर, आणि मी एका दगडाच्या तुकड्यावर विसंबून राहू? ज्या कामाला हात घातला ते अर्धवट सोडायची सवय त्यांना नव्हती, तीच आडवी आली. "माले एक ब्लेड दे वं शिल्पा," त्या म्हणाल्या. "मी उकली देखस. दुपारलोंग परत शिवी देसू." आणि त्यांनी शेवटचा टाका आधी उकलायचा म्हणून मध्यावरच्या तुकड्याला ब्लेड लावलं.

तुकडा सुटला आणि हळदीने पिवळे झालेले दाणे काचेवर टपटप पडले. दोन-चार घरंगळत कडेपर्यंत गेले. लिलाबाईंनी ते हाताने बाजूला सारले, आंब्याची कोय बाजूला सारावी तसे, आणि पुढचा टाका उकलायला घेतला.

"हे काय, विहीणबाई?" सुंदरबाई चहाचा ट्रे हातात घेऊन उभी होती.

"घास शे."

"कसला घास?"

"गोधडीना." लिलाबाई हसल्या. त्यांना खरोखरच हसू आलं, इतकी साधी गोष्ट विचारतात म्हणून. "उपाशी गोधडी कोनले ऊब दी? मनी माय टाके, मी बी टाकस. मुकाट्याने टाकनं पडस, कोनले दावतस नही."

"कोणाला दाखवत नाहीत," सुंदरबाई हळूच म्हणाली. तिने ट्रे खाली ठेवला. "हळद लावलेले दाणे. बाळाच्या अंगाखाली. आणि वरून सुई."

तो शब्द त्या घरात कोणी उच्चारला नाही. शिकलेली माणसं, कॉलनीतलं घर, भिंतीवर युवराजच्या पदविकेचा फोटो. पण शब्द उच्चारला नाही म्हणजे तो खोलीत नव्हता असं नाही. लिलाबाई समजावू लागल्या, आणि जितकं समजावत गेल्या तितकं ते वाईट दिसू लागलं. माहेरची रीत म्हणावी, तर ते माहेर डोंगराच्या पायथ्याचं. कोणासमोर टाकत नाही म्हणावं, तर त्याचाच संशय. सुई मुद्दाम नाही म्हणावं, तर मुद्दाम म्हणालं कोण? सुंदरबाईने वर्तमानपत्राचा कागद आणला आणि दाणे बोट न लावता त्या कागदाने गोळा केले.

लिलाबाईंनी मुलीकडे पाहिलं. "शिल्पा, तू तरी सांग ना माय. तुनी गोधडीमा बी घास व्हता."

"मी कधी पाहिला नाही," शिल्पा म्हणाली. ती खोटं बोलली नाही. तिने पाळण्यातून बाळाला उचललं, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

सोमवारी बाळाला लस दिली आणि संध्याकाळी ताप भरला. लसीने ताप येतो हे डॉक्टरने आधीच सांगितलेलं होतं, युवराजला ठाऊक होतं, सुंदरबाईलाही ठाऊक होतं. दोन दिवसांत ताप उतरला. पण त्या दोन दिवसांत उकललेली गोधडी, आईच्या पातळासकट, कॉलनीच्या मागच्या मैदानात जाळून टाकली गेली. शिल्पाने ते फोनवर सांगितलं, जसं कोणी रेल्वेचं वेळापत्रक सांगावं. नंतर मोबाइलवर रोज येणारे बाळाचे फोटो थांबले. बारशाला बोलावणं आलं नाही. बारसं झालं हे लिलाबाईंना लताबाईच्या भाचीकडून कळलं. नातीचं नाव काय ठेवलं, ते विचारायची त्यांना लाज वाटली. आजीने नातीचं नाव परक्याला विचारायचं?

हिवाळा लागला. लिलाबाईंच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती: पुरावा पाहिजे. घासाची रीत खरी आहे, सगळ्याच गोधड्यांत आहे, हे दाखवता आलं तर पोर परत येईल. त्या लताबाईकडे गेल्या. "तू सांगशी का, मी घास टाकस ते?"

लताबाई बिचारी प्रामाणिक. "अक्का, मी तर कधी देखा नही. तुम्ही पाठ करी बसेत ना. आमना कडे तर घास टाकतस बी नही."

माहेरी आता विचारायला कोणी उरलं नव्हतं. आई गेलेली, बहीण गेलेली. उरल्या होत्या त्या घरातल्या गोधड्या; लोकांना दिलेली उकलायला मागायची तरी कशी? एके दिवशी जेवणं झाल्यावर मोतीलाल बाहेर गेले, तेव्हा लिलाबाईंनी शिल्पाच्या लहानपणची गोधडी काढली आणि मध्यावरचा तुकडा ब्लेडने उकलला. शिल्पा चार-पाच वर्षांची होईपर्यंत हीच पांघरायची. आत दाणे असणार, पिवळे दाणे, त्यांचा फोटो काढून पाठवायचा, मग काय बोलतील?

आत काही नव्हतं. इतक्या वर्षांची धुणी, सोड्याच्या पाण्यातली उकळी, उन्हं. थोडा भुगा निघाला, धान्यातले टोके किडे कधीचे पीठ खाऊन गेलेले. हळदीचा डागसुद्धा नाही. लिलाबाईंनी दुसरी गोधडी ओढली, मोतीलालांची. तीही उकलली. भुगा. मग स्वतःची. मग पाहुण्यांसाठी ठेवलेल्या. घरात होत्या नव्हत्या त्या सगळ्या. ज्या हातांनी एकेक टाका मोजूनमापून घातला, तेच हात दिसेल तिथे ब्लेड चालवत होते. प्रत्येक गोधडी जेवली होती आणि एकीच्याही तोंडाला खरकटं नव्हतं.

शेवटी उरली ती ओट्यावर अंथरायची, बसायची. ती त्यांनी जवळ ओढली आणि तळव्याला टचकन काही टोचलं. उलटून पाहिलं. दोन थरांच्या मधे, आडवी, नेढ्यापर्यंत आत गेलेली, जराशी वाकलेली सुई. दोरा तोडून झाल्यावर घाईत उठताना त्यांनी ती बसल्या जागी खोचली होती आणि मग त्यांच्याच वजनाने ती आत गेली होती. ती एवढे महिने त्यांच्या बुडाखाली होती. बाळाच्या गोधडीत ती कधी गेलीच नव्हती.

तळव्यावर रक्ताचा थेंब आला होता आणि लिलाबाई हसत होत्या. त्यांनी फोन लावला. "शिल्पा! वं शिल्पा, सुई सापडनी! मना बुडखालच व्हती. तुनी गोधडीमा नव्हतीच ती!"

पलीकडे लांबून बाळाचं हुंकारणं ऐकू आलं. लिलाबाईंनी फोन कानाशी घट्ट दाबला.

"आई," शिल्पा म्हणाली. जन्मभर ती माय म्हणत आली होती. आज ती कॉलनीतल्या शेजारणीशी बोलावं तशी बोलत होती. "आई, हे कुणाला सांगू नकोस. इथे सगळे म्हणतातच, काम झालं की अशी वस्तू आपोआप घरी परत जाते."

"कोनतं काम वं?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"आनी तू? तू काय म्हनस, शिल्पा?"

"मला ती नऊ वर्षांनी झाली आहे, आई. माझ्याने आता काही म्हणवत नाही." मग अगदी हळू, "तू फोन नको करत जाऊ." आणि फोन बंद झाला.

मोतीलाल परत आले तेव्हा दिवे लागले होते. ओट्यापासून चुलीपर्यंत घरभर चिंध्या पडल्या होत्या, उकललेल्या, कापलेल्या, कुठे धोतर, कुठे पातळ. मधे लिलाबाई बसल्या होत्या. मोतीलालांनी एकेक तुकडा उचलून पाहिला. आपल्या लग्नातला फेटा त्यांनी ओळखला.

"हाई काय करं तू?" त्यांनी विचारलं. "आज काय पांघरानं?"

लिलाबाईंनी मूठ उघडून सुई त्यांच्या हातावर ठेवली. "हाई घरमा नको," एवढंच म्हणाल्या आणि तिथेच जमिनीवर आडव्या झाल्या.

मोतीलालांनी बाहेर जाऊन सुई गटारीत टाकली. घरात आले, दार लावलं. थंडी पडली होती. त्यांनी खाली वाकून चिंध्या गोळा केल्या आणि एकावर एक अशा बायकोच्या अंगावर घातल्या. टाके नव्हते, त्यामुळे त्या सारख्या घसरत होत्या, आणि ते पुन्हा पुन्हा उचलून घालत होते.